मागची खोली आवरायला काढली

१२ ऑक्टोबर, रविवार

आज जेवताना भातात मोती निघाला. दाताखाली कटकन वाजलं आणि उजव्या दाढेचा टवका उडाला. मी मोती बोटावर घेऊन एदिल्मापुढे धरला. "अगंबाई, इथे होता होय!" म्हणत तिने तो एप्रनला पुसला आणि खिशात टाकला. माझ्या दाढेबद्दल चकार शब्द नाही.

जन्मभर मी लास ताब्लास ते राजधानी अशी बस चालवली. घरी यायचो ते जेवायला आणि झोपायला. जूनमध्ये निवृत्त झालो तेव्हा लक्षात आलं, की ग्वारारेतलं हे घर माझं नाहीच. ते बायकोच्या सामानाचं आहे आणि आम्ही दोघं त्यात पाहुणे म्हणून राहतो. एदिल्मा तेंब्लेके करते. ही वही उद्या कुणा परक्याच्या हाती लागली तर कळावं म्हणून लिहितो: पोयेरा, म्हणजे सणाचा घेरदार झगा, घालून मिरवणाऱ्या बायकांच्या डोक्यावर मोत्यांची आणि माशांच्या खवल्यांची फुलं तारेवर थरथरत असतात, ती ही. आमच्या अख्ख्या आसुएरो भागात तिच्या फुलांना मान आहे हे मला कबूल आहे. पण म्हणून फ्रीजमध्ये लोण्याशेजारी खवले? आंघोळीच्या बादलीत भिजत घातलेली तार?

जेवण झाल्यावर मी जाहीर केलं, "उद्यापासून मागची खोली आवरायला काढणार."

मोठं भांडण होणार म्हणून मी बाह्या सरसावूनच बसलो होतो. ती खिडकीबाहेर बघत राहिली. मग म्हणाली, "काढ."

"काढ?"

"काढ म्हटलं ना. फक्त मला विचारल्याशिवाय काही फेकायचं नाही. आणि जे काही आहे ते स्वतःच्या बोटांनी वेगळं करायचं. डब्यात ओतलं, झाकण लावलं, झालं, असं चालणार नाही."

बायका शेवटी ऐकतात. जरा ठाम बोलावं लागतं, एवढंच.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

खोलीचं दार पूर्ण उघडत नाही. आडवं होऊन आत शिरलो. बिस्किटांचे डबे, लोणच्याच्या बरण्या, औषधाच्या बाटल्या, अंड्यांचे ट्रे, आणि प्रत्येकात काहीतरी अर्धवट. मोती, मणी, टिकल्या, रिबिनी, तारेची भेंडोळी. एका जुन्या बुटात केसांचे आकडे. बूट माझा, कधीतरी हरवलेला.

एदिल्मा दारात खुर्ची टाकून बसली, हात एप्रनच्या खिशात. सरकारी साहेब आल्यासारखी.

"आधी तुझं काढ," ती म्हणाली.

"माझं काय आहे इथे?"

होतं. पहिल्या बसचं स्टिअरिंग, दोन आरसे, हॉर्न, इंडिकेटरच्या काचा, पावसाळी बुटांचे तीन जोड. स्टिअरिंग उचलून मी बराच वेळ उभा राहिलो. ती म्हणाली, "ते ठेव. भिंतीला लाव. रिबिनी टांगायला बरं पडेल." बाकीचं माझ्याच हाताने बाहेर काढायला लावलं. आज दिवसभरात या खोलीतून जे काही फेकलं गेलं ते सगळं माझं होतं.

२० ऑक्टोबर, सोमवार

आठवडाभर खवले निवडतोय. टेबलावर पांढरी चादर अंथरली, त्यावर खवल्यांचा ढीग.

"सगळे पांढरेच तर आहेत," मी म्हणालो.

"तुझ्या बसमधली माणसं सगळी सारखीच होती का?"

मग तिने सांगितलं: एकेक उचल, उजेडात धर. काही काचेसारखे, काही दुधासारखे, काहींच्या कडेला निळसर झाक. साबालो माशाचा खवला मोठा आणि दणकट, त्याच्या बाहेरच्या पाकळ्या होतात. लहान माशांचे आतल्या वेढ्याला. खवल्याला स्वतःचा बाक असतो. उजवीकडे वळणारे उजव्या फुलाला, डावीकडे वळणारे डाव्याला. फुलं जोडीने असतात आणि जोडी आरशातल्यासारखी हवी.

तीस वर्षं हे माझ्या घरात चाललं होतं आणि खवल्याला डावं-उजवं असतं हे मला आज कळलं.

मी विचारलं, "तू पण बस की निवडायला, लवकर आटपेल." ती म्हणाली, चष्म्याचा नंबर बदललाय. गोष्ट खरी असेल, कारण सकाळी कॉफीसुद्धा तिने मलाच ओतायला सांगितली आणि कप दोन्ही हातांनी धरून प्यायली. वय झालं तिचं. माझं दिसत नाही तेवढं.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

एदिल्माला दोरा घ्यायचा होता म्हणून चित्रे शहरात गेलो. मला चौकात बसवून ती एकटी गेली. मी मक्याचं थंडगार चिचेमे दोन पेले प्यायलो, वर्तमानपत्र वाचलं, शेजारच्याचंही वाचलं, तरी हिचा पत्ता नाही. जवळजवळ दुपार झाली तेव्हा आली. हातात दोऱ्याचं एक रीळ. एक!

"एका रिळाला एवढा वेळ?"

"रंग जुळत नव्हता."

रीळ पांढरं आहे.

येताना गाडीत ती माझ्या स्टिअरिंगवरच्या हातांकडे बघत होती. घराजवळ आल्यावर म्हणाली, "अरी, तुझे हात फार स्थिर आहेत. एवढी वर्षं रस्ता धरलास म्हणून असेल." लग्नानंतर तिने माझी, तिच्या अरीची, अशी स्तुती केल्याचं आठवत नाही. मी खूश होऊन फडताळाला आणखी एक फळी ठोकून दिली.

३ नोव्हेंबर, सोमवार

स्वातंत्र्याची मिरवणूक, ढोल-ताशे. संध्याकाळी दीदिमाबाई आल्या. त्या आमच्या गल्लीच्या पुढच्या टोकाला राहतात आणि गल्लीच्या मागच्या टोकापर्यंतचं सगळं त्यांना ठाऊक असतं. सुनेसाठी फुलांच्या चार जोड्या करून हव्या होत्या.

"वेळ नाही," एदिल्मा म्हणाली.

"वेळ नाही? अगं, मार्चपासून तू कुणाचंच काम घेत नाहीस म्हणे. मोठी झालीस का आता?"

"आनालिदाची करतेय. जानेवारीत मिरवेल ती."

आनालिदा आमची नात, नेरेइदाची मुलगी. राजधानीत असते. पंधराची झाली. ती जन्मली तेव्हाच एदिल्माने कबूल केलं होतं, की पहिल्या पोयेराची डोकं भरून फुलं आजी करील. अर्धी झालीत. काचेच्या पेटीत ठेवलीत, मी पाहिलीत. मोगरा, गुलाब, एक विंचू, दोन फुलपाखरं. तसं काम मी कुठे पाहिलं नाही आणि मी या प्रांतातल्या सगळ्या मिरवणुका बसच्या काचेतून पाहिल्यात.

"अर्ध्यावरच अडकलीस होय? दुकानातली आण उरलेली. प्लास्टिकची मिळतात हल्ली, लांबून कळत नाही."

"मला जवळून कळतं," एदिल्मा म्हणाली.

दीदिमाबाई गेल्यावर मी तिला सांगितलं, की गिऱ्हाईक असं तोडू नये. ती "हं" म्हणाली आणि हात खिशात घालून अंगणात गेली.

११ नोव्हेंबर, मंगळवार

खोली ओळखू येत नाही. स्टिअरिंग भिंतीवर, त्यावर रिबिनी. मोत्यांना माझ्या मासेमारीच्या पेटीतले कप्पे दिलेत. (गळ आता लोणच्याच्या बरणीत आहेत. असो.) मणी बर्फाच्या ट्रेमध्ये. तारा जाडीप्रमाणे खिळ्यांवर. प्रत्येक डब्यावर चिठ्ठी, मोठ्या अक्षरात. उभं राहून पाहिलं आणि ऊर भरून आला.

एक डबा मात्र रिकामा: "स्प्रिंगा". फूल ज्याच्यावर थरथरतं ती बारीक तारेची गुंडाळी.

एदिल्मा म्हणाली, "एवढं छान लावलंस आणि मध्येच रिकामा डबा. दात पडल्यासारखं दिसतंय."

खरं होतं. माझ्या दाढेमुळे मला ते जरा जास्तच लागलं.

"थोड्या करून टाक. खिळ्याभोवती तार गुंडाळायची. घट्ट नको, सैल नको. बसचा क्लच सोडतोस तशी."

दुपारपर्यंत शंभर तरी केल्या असतील. तिने बहुतेक बाद केल्या. पण डब्याचा तळ झाकेल एवढ्या राहिल्या. फडताळ आता पूर्ण दिसतं.

१९ नोव्हेंबर, बुधवार

आज तिने माझी मांडणी तपासायला काढली. म्हणते, "डबे बरोबर जागी आहेत की नाही हे नुसतं बघून कसं कळणार? एक फूल करून बघ. हात कुठे कुठे उगाच जातो ते लक्षात येईल."

बोलणं पटण्यासारखं होतं. बस कशी आहे ते चालवल्याशिवाय कळत नाही.

मी केलं. तिने जागचं न हलता सगळं सांगितलं: कात्री अशी, पाकळी तिरकी, सुई खालून, मोती मधोमध. झालं ते फूल म्हणजे चाकाखाली आलेला खेकडा होता. ती इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. पाणी पुसायला तिने मान वळवून खांद्याला डोळे घासले. हात खिशातून काढला नाही.

मात्र एक कळलं, बारीक मोती डाव्या हाताला हवेत. जागा बदलली.

"उद्या परत तपास," ती म्हणाली.

२९ नोव्हेंबर, शनिवार

दहा दिवस मांडणीच तपासतोय. माझी फुलं आता खेकड्यासारखी दिसत नाहीत, फुलासारखी दिसतात, पण आजारी. एक नीट जमलं तर त्याची जोडी जमत नाही, दोन्ही उजवीच होतात.

"तू डावीकडे वळताना आरशात बघायचास ना?" एदिल्माने विचारलं.

"हो."

"मग बघ."

तिने मला बसचा आरसा आणायला लावला. उकिरड्याशेजारी पडला होता अजून, सुदैवाने. पहिलं फूल आरशासमोर ठेवलं आणि आरशातल्या फुलाकडे बघत दुसरं केलं. जमलं! मी ओरडलोच. ती उठून जवळ आली, वाकून दोन्ही फुलं पाहिली. मग म्हणाली, "हे काचेच्या पेटीत ठेव."

आनालिदाच्या पेटीत! मी म्हटलं, "गंमत करू नकोस, तुझ्या फुलांशेजारी?"

"कोपऱ्यात ठेव."

तिच्या मनात काय चालतं ते देव जाणे. बाईचा एवढा हात चालत असताना माझं कशाला ठेवायचं?

५ डिसेंबर, शुक्रवार

आज लिहू नये असं वाटतंय, पण लिहितो.

साबालोचे खवले संपत आले म्हणून सकाळी मेन्साबेच्या बंदरावर गेलो होतो. वारा सुटलाय, होड्या निघाल्याच नाहीत, मी लवकर परतलो. मागच्या दाराने आलो. खोलीचं दार अर्धं उघडं होतं.

एदिल्मा टेबलाशी बसली होती. उजव्या हातात सुई होती आणि तो हात हलत होता. थंडी वाजल्यावर हलतो तसा नाही. गाडीचं इंजिन सुरू असताना बॉनेट हलतं तसा, न थांबता. डाव्या हाताने तिने उजवं मनगट टेबलावर दाबून धरलं होतं. मग तो डावा हातही हलायला लागला. खवला सुईपुढून निसटला. तिने दुसरा घेतला. तोही गेला. ती चिडली नाही, रडली नाही. तिसरा घेतला.

मी किती वेळ तिथे उभा होतो मला माहीत नाही. मग पाय न वाजवता मागे फिरलो, रस्त्यापर्यंत गेलो आणि शीळ घालत, फाटक आपटत पुढच्या दाराने आत आलो.

ती स्वयंपाकघरात होती, हात खिशात. "मासे?"

"वारा आहे," मी म्हणालो.

दोऱ्याचं रीळ. कॉफीचा कप. दीदिमाबाईंना दिलेला नकार. बटणांचे ब्लाउज सोडून डोक्यावरून घालायचे झगे. सगळं माझ्या नाकासमोर होतं आणि मी डब्यांवर चिठ्ठ्या लावत बसलो होतो. मी तिला नीट करतोय असं मला वाटत होतं. ती मला शिकवत होती. आणि मी घाबरून पळू नये म्हणून त्याला आवराआवर म्हणू देत होती.

असं माणूस माझ्या वाट्याला आलं आणि मी त्याच्या बरण्यांवर रागावत होतो.

८ डिसेंबर, सोमवार

मातृदिन. नेरेइदा आणि आनालिदा राजधानीहून आल्या. कोंबडीचा रस्सा, सांकोचो, मी केला. आनालिदाने पेटी उघडून बघितली आणि किंचाळली. "आजी, ही कोपऱ्यातली जोडी नवी आहे ना? वेगळीच दिसते."

माझे कान गरम झाले.

"वेगळी म्हणजे कशी?" एदिल्माने विचारलं.

"लाजल्यासारखी."

जाताना नेरेइदाने मला फाटकापाशी धरलं. "पपा, आई बारीक झालीय. खाते ना नीट?" मी म्हणालो, खाते. तिने नाही सांगितलं तर मी कसं सांगू? आईची गोष्ट आईनेच सांगायची.

त्या गेल्यावर एदिल्मा फडताळाच्या सगळ्यात खालच्या खणापाशी गेली. तेवढाच खण मी आवरला नव्हता. ती म्हणायची, तिथे काही नाही. तिने पायाने एक डबा पुढे सरकवला. "हे फेकून दे."

उघडला. आत फुलं होती. वाकलेली, फाटलेली, पाकळ्या उलट्या शिवलेल्या. डबा काठोकाठ. माझा तो खेकडा यांच्यापुढे देखणा होता.

"तू त्या दिवशी मागच्या दाराने आला होतास," ती म्हणाली. "पायरीवर वाळू होती."

मी डबा टेबलावर ठेवला.

"चित्रेच्या डॉक्टरने सांगितलंय, वाढत जाणार. गोळ्यांनी हळू वाढेल, एवढंच. मी तुला आधी सांगितलं असतं तर तू मला खुर्चीत बसवून भात भरवला असतास. मला भरवणारा नको होता, अरी. फुलं पुरी करणारा हवा होता."

"आणि मला नसतं जमलं तर?"

"तर प्लास्टिकची आणली असती आणि मेले असते लाजेने. आता रडतोस काय! डबा फेकून दे म्हटलं ना."

"मला विचारल्याशिवाय काही फेकायचं नाही, असं ठरलंय," मी म्हणालो. "मोती चांगले आहेत यातले."

मग आम्ही दोघं टेबलाशी बसलो. मी एकेक फूल उसवलं. तिने आज पहिल्यांदा हात खिशातून बाहेर काढले आणि सुटे मोती वाटीत लोटत राहिली. वाटी तिच्या हाताने किणकिणत होती.  दिवेलागणीपर्यंत वाटी भरली.

२१ डिसेंबर, रविवार

दिवसभर काम. पहाटेची मक्याची तोर्तिया खाल्ली की टेबल, जेवण, टेबल. सगळं हाताशी असतं, उठावं लागत नाही. मी स्वतःच लावलेली खोली मला आता आवडायला लागलीय. पूर्वी नुसती अभिमानाने बघायचो.

एदिल्माचं शिकवणं ऐकण्यासारखं असतं. ती "चुकलं" म्हणत नाही. ती म्हणते, "हे फूल कुठल्या वाऱ्यात उभं आहे?" मी बघतो आणि कळतं, की एक पाकळी इकडचा वारा खातेय आणि दुसरी तिकडचा. उसवतो.

६ जानेवारी, मंगळवार

आज सगळं संपलं असं वाटलं. कानांवर बसणारी मोठी जोडी राहिलीय. तिच्यात पिळाची सोनेरी तार, खवल्यांच्या पाच वेढ्यांची पाकळी आणि मध्ये मोत्यांचा घोस. तीनदा केली, तीनदा मोडली. त्यातच दीदिमाबाई साखर मागायला आल्या आणि थेट खोलीत शिरल्या. मला पक्कड घेऊन बसलेला पाहिलं.

"हे काय बाई! बसवाल्याने केलेली फुलं पोरीच्या डोक्यावर? वळणावर भोंगा वाजेल हो त्यांचा!"

त्या गेल्यावर मी पक्कड टाकून दिली. "त्या खरं बोलतात. दुकानातली आणू. कानावरचीच तर आहे, एक जोडी. कुणाला कळणार नाही."

एदिल्मा माझ्यामागे येऊन उभी राहिली. वाकून तिने आपला हात माझ्या हातावर ठेवला, शिकवताना ठेवतात तसा. तिची थरथर माझ्या बोटांत उतरली आणि त्यांत धरलेली तार भलतीकडेच वाकली. आम्ही दोघं त्या वाकड्या तारेकडे बघत राहिलो.

"फूल थरथरायला हवं," ती म्हणाली, "हात नाही. मला आता तेवढं येत नाही. तुला येतं. उचल ती पक्कड."

मी उचलली.

तिने हात काढून घेतला नाही, फक्त वर खांद्यावर नेला. तिथे तो हलत राहिला. मी काम करत राहिलो. संध्याकाळी उजवा कान पुरा झाला.

१७ जानेवारी, शनिवार

मिरवणूक. लास ताब्लासमध्ये नेरेइदाच्या मैत्रिणीच्या घरी आनालिदाला सजवायला बसवलं. बायकांनी खोली भरलेली. दीदिमाबाईही होत्या, सून सजवायला आल्या होत्या. आत पुरुष एकटा मीच.

"पुरुष इथे पंखा दुरुस्त करायला येतात," एक जण म्हणाली.

"पंखा चालू आहे," दुसरी म्हणाली, "म्हणजे आता जा."

फुलं केसांत खोवायचं काम आजवर एदिल्माचं. गावातल्या किती मुली तिच्या हाताखालून मिरवणुकीला गेल्या असतील! ती आनालिदाच्या समोर, आरशाच्या बाजूला खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "अरी, डावीकडून सुरुवात कर."

 कुणीतरी हसलं आणि हसू मध्येच सोडलं.

ती सांगत गेली, मी खोवत गेलो. आकडा टाळूला लागू द्यायचा नाही, वेणीत अडकवायचा. वर लहान, खाली मोठी. डाव्याला जे, तेच उजव्याला. एकदा आनालिदा "आई गं" म्हणाली तेव्हा माझ्या पाठीवरून घामाची धार गेली. तिच्या आजीची फुलं आणि माझी फुलं शेजारीशेजारी बसत होती. कुठली कोणाची हे मला माहीत होतं. एदिल्माला माहीत होतं. मध्येच एकदा आरशातून आमची नजर भेटली आणि तिने भुवई उडवली, चल पुढे, अशी.

शेवटी कानांवरची जोडी. मग आनालिदा उभी राहिली आणि मान किंचित वळवली.

सगळं डोकं जागं झालं. असं म्हणतात की नाही माहीत नाही, मला तसं दिसलं. एकेक पाकळी आपापल्या तारेवर थरथरत होती.

दीदिमाबाई जवळ आल्या. चष्मा चढवला, कानामागून पाहिलं, पुढून पाहिलं. मी भोंग्याची वाट बघत होतो.

"एदिल्मा," त्या हळूच म्हणाल्या, "ह्या माणसाला इतके दिवस बस कशाला चालवू दिलीस?"

रस्त्यावर मी गर्दीत आनालिदाच्या बरोबरीने चालत राहिलो, पार शेवटपर्यंत. ऊन, धूळ, ढोल, ओरडणारी माणसं. एकही फूल पडलं नाही.

१९ जानेवारी, सोमवार

सकाळी फाटकाशी एक बाई आली. माकाराकास गावची. मिरवणुकीत तिने आनालिदाला पाहिलं होतं आणि विचारत विचारत आली होती. "एदिल्माबाई इथेच राहतात का? मुलीचं लग्न आहे, फुलं करून हवीत."

एदिल्मा पडवीत बसली होती. "मीच एदिल्मा. पण फुलं हा करतो."

बाईने माझ्याकडे पाहिलं. माझं पोट, माझ्या मिशा, पायातल्या सपाता. "हे?"

मी म्हणणार होतो, की काहीतरी गैरसमज झालाय, मी फक्त खोली आवरली.

"तुम्ही नाही का करत?" बाईने एदिल्माला विचारलं. "आमच्या सासूबाई तुमचंच नाव सांगतात."

गेले दहा महिने एदिल्माने सगळ्या गावापासून जपून ठेवलेली गोष्ट होती ती.  मग तिने दोन्ही हात खिशातून काढले आणि समोरच्या टेबलावर ठेवले. उजेडात, सरळ. ते हलत होते. टेबलावरचा चमचाही हलत होता.

"हे असे झालेत म्हणून," ती म्हणाली. "डोळे अजून माझेच आहेत. बोला, मुलीचे केस कसे आहेत, दाट की विरळ?"

बाई हातांकडे बघत होती. मग तिने खुर्ची ओढली, एदिल्माच्या शेजारी बसली आणि म्हणाली, "दाट. कमरेपर्यंत."

"मग मोठी फुलं पेलतील. अरी, टेप आण."

मी आत गेलो. टेप कुठे आहे ते मला चांगलं ठाऊक होतं, चिठ्ठी मीच लावलीय. तरी बराच वेळ सापडली नाही.